मालिकांमधला रेसचा घोडा खोटा का वाटतो

आर्थर कॉनन डॉयलने १८९२ साली शेरलॉक होम्सची 'सिल्व्हर ब्लेझ' ही गोष्ट लिहिली. डार्टमूरच्या माळावरच्या तबेल्यातून रेसचा नामांकित घोडा नाहीसा होतो, त्याच्या ट्रेनरचं प्रेत सापडतं आणि होम्स दोन्हींचा छडा लावतो. गोष्ट गाजली, पुढे टीव्हीवरही आली. पण रेसच्या एका जाणकाराने तेव्हाच एका क्रीडापत्रात तिची चिरफाड केली होती. डॉयलने आपल्या आत्मचरित्रात ती टीका मोकळेपणाने मान्य केली आहे. गोष्टीतल्या लोकांनी जे केलं ते खरोखर केलं असतं, तर निम्मे तुरुंगात गेले असते आणि उरलेल्यांना रेसकोर्सवर जन्मभराची बंदी झाली असती, असं त्या टीकाकाराचं म्हणणं होतं. गोष्टीतला घोडा प्रतिस्पर्ध्याच्या तबेल्यात लपवलेला असतो. त्याच्या कपाळावरचा पांढरा पट्टा रंगाने झाकून तो तसाच शर्यतीत धावतो, जिंकतो, आणि कोणी अधिकारी चकार शब्द काढत नाही.

एक गोष्ट मात्र डॉयलला नेमकी कळली होती. घोड्याला इजा करायला निघालेला माणूस बाहेरचा चोर नव्हता, तो घोड्याचा ट्रेनरच होता. डोक्यावर कर्ज होतं, हातात शस्त्रक्रियेची नाजूक सुरी होती, आणि पायाच्या स्नायुबंधावर कोणाला दिसणारही नाही असा छेद द्यायचा बेत होता.

आजच्या ब्रिटिश आणि अमेरिकन गुन्हेगारी मालिकांमध्ये अधूनमधून एखादा भाग रेसच्या जगात घडतो. त्यातले बहुतेक भाग डॉयलच्या चुका तेवढ्या उचलतात आणि त्याला जे कळलं होतं ते सोडून देतात. त्यांच्या लेखी घोडा म्हणजे महागडी मोटार: नंबरप्लेट बदला, रंग मारा, पळवून न्या, विका. घोड्यांवर जीव असलेल्या माणसाला हे बघवत नाही. नियम चुकतात एवढंच दुःख नाही. घोडा हा जिवंत प्राणी आहे हेच त्या कथेला ठाऊक नसतं, आणि म्हणून खरा गुन्हा कुठे घडतो तेही दिसत नाही.

मालिकांचं सगळ्यात लाडकं कथानक घोडा बदलण्याचं. सुमार घोड्याच्या नावावर तेज घोडा पळवायचा, आधी भरमसाट भावाने पैसे लावून ठेवायचे. असे प्रकार खरंच झाले आहेत. १८४४ साली एप्सम डर्बी या इंग्लंडमधल्या मानाच्या शर्यतीत 'रनिंग रेन' नावाचा घोडा पहिला आला. ही शर्यत फक्त तीन वर्षांच्या घोड्यांची आणि हा प्रत्यक्षात चार वर्षांचा, 'मॅकॅबियस' नावाचा. प्रकरण कोर्टात गेलं. न्यायाधीशांनी साधी मागणी केली: घोडा हजर करा. घोड्याचं वय दातांवरून कळतं. साधारण अडीच वर्षांचा झाला की पुढच्या दुधाच्या दातांची मधली जोडी पडून पक्के दात येतात, साडेतीनला तिच्या शेजारची, साडेचारला कडेची. तोंड उघडलं की निकाल लागला असता. घोडा काही आला नाही, आणि डर्बी दुसऱ्या क्रमांकाच्या 'ऑर्लँडो'ला मिळाली.

१९८२ साली इंग्लंडमधल्या लेस्टरला दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत 'फ्लॉक्टन ग्रे' २० लांबींनी जिंकला (एक लांबी म्हणजे एका घोड्याच्या शरीराएवढं अंतर). इतकी तफावत पाहूनच भुवया उंचावल्या. धावला होता तो तीन वर्षांचा 'गुड हँड'. त्या वयात एका वर्षाचा फरक म्हणजे शाळकरी पोर आणि जवान गडी. शर्यतीच्या फोटोत पायावरचा जुना व्रण दिसला आणि बिंग फुटलं.

पण या सगळ्यात मला सर्वांत बोलकं वाटतं ते ऑस्ट्रेलियातलं 'फाइन कॉटन' प्रकरण. १८ ऑगस्ट १९८४, ब्रिस्बेनचं ईगल फार्म रेसकोर्स. फाइन कॉटन हा सामान्य वकुबाचा घोडा, त्याच्या जागी 'बोल्ड पर्सनॅलिटी' हा वरच्या दर्जाचा घोडा उतरवायचा होता. दोघांचे रंग जुळत नव्हते, म्हणून माणसांच्या केसांचा कलप आणून घोडा रंगवला. रंग भलताच लालसर आला. फाइन कॉटनच्या पायांवर पांढऱ्या खुणा होत्या, याच्या पायांवर नव्हत्या, तेव्हा त्या जागी पांढरा रंग फासला. तिकडे सट्टाबाजारात या घोड्यावर एवढा पैसा आला की ३३ ला १ (एक लावला तर ३३ मिळणार) असलेला भाव शर्यतीपर्यंत ७ ला २ वर उतरला. घोडा थोडक्यात जिंकला, पण तोवर लोक 'घोडा बदललाय' म्हणून ओरडायला लागले होते आणि पायांवरचा रंग ओघळत होता. स्टुअर्डांनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, घोड्याचे कागद मागितले, तेव्हा ट्रेनर गायब! निकाल रद्द झाला, ट्रेनर पुढे तुरुंगात गेला.

मालिकेत हाच बेत थंड डोक्याचे, हुशार लोक पार पाडतात आणि फक्त नायकाला संशय येतो. प्रत्यक्षात कितीतरी लोकांना संशय आला होता, कारण रेसकोर्सवर येणारी माणसं घोडे बघायलाच येतात. शर्यतीआधी पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसकोर्सवरच्या कठडा घातलेल्या अंगणात, घोडे फिरवतात तेव्हा कठड्याला टेकून उभे असलेले जुने शौकीन घोड्याची चाल, घाम, कान, पाय सगळं वाचत असतात.

आज तर हा बेत जवळपास अशक्य आहे. रेसला पळणारे घोडे थरोब्रेड जातीचे. त्यांच्या वंशावळीची नोंद इंग्लंडमध्ये १७९१ पासून छापली जाते. भारतातल्या थरोब्रेडची नोंद पुण्यातल्या स्टड बुक ऑथॉरिटीकडे असते. शिंगरू जन्मलं की त्याचा डीएनए आईबापांशी जुळवून पाहतात, अंगावरचे केसांचे भोवरे आणि पांढऱ्या खुणा घोड्याच्या पासपोर्टवर उतरवतात आणि मानेत तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवतात. रंग बदलता येतो, भोवरा कसा बदलणार?

तरीही चूक होऊ शकते, आणि ती कशी होते हे पाहण्यासारखं आहे. जुलै २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या यारमथला दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत ५० ला १ भावाची घोडी जिंकली. शर्यतीनंतर उत्तेजकांच्या तपासणीसाठी नमुना घेताना चिप वाचली तर ती भलतीच निघाली. त्याच तबेल्यातली, त्याच दिवशी पुढे धावणार असलेली तीन वर्षांची घोडी चुकून आधी उतरवली गेली होती. कारस्थान कुठलंच नव्हतं, निव्वळ धांदल होती. त्यानंतर ब्रिटनमध्ये शर्यतीच्या ऐन आधी चिप पुन्हा तपासायला लागले. पटकथा लिहिणाऱ्याला खरं तर इथे काय सुंदर धागा आहे!

दुसरं आवडतं कथानक वीर्यचोरीचं. अब्जाधीशाच्या विजेत्या घोड्याचं वीर्य थंड डब्यातून लंपास होतं आणि चोर त्यातून विजेते घोडे पैदा करणार असतो. थरोब्रेडच्या नोंदणीत कृत्रिम रेतनाला जगभर बंदी आहे. घोडा आणि घोडी यांचा प्रत्यक्ष संयोग झाला तरच शिंगराची नोंद होते. चोरलेल्या वीर्यातून जन्मलेलं शिंगरू कितीही चपळ निघो, त्याला मान्यताप्राप्त शर्यतीत पळताच येणार नाही. त्यात घोडी अकरा महिने गाभण राहते, मग शिंगरू दोन वर्षांचं व्हायचं, मग शिकवायचं. एवढा धीर असलेला चोर मला तरी ठाऊक नाही. आणखी एक: रेसला पळणारे कितीतरी नर घोडे खच्ची केलेले असतात. अशा घोड्याच्या 'कोट्यवधींच्या पैदाशीसाठी' खून पाडायचा, तर पटकथेतल्या खुन्याने आधी घोड्याच्या मागच्या पायांमध्ये एकदा बघायला हवं होतं.

खऱ्या चोरीचं उदाहरण 'शेरगर'. १९८१ ची एप्सम डर्बी तो १० लांबींनी जिंकला. त्याचे मालक आगा खान यांनी त्याचे अडीच लाख पौंडांचा एक असे ४० हिस्से केले होते, म्हणजे किंमत एक कोटी पौंड. ८ फेब्रुवारी १९८३ च्या रात्री आयर्लंडमधल्या बॅलिमॅनी स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीच्या जागी, मुखवटे घातलेले बंदूकधारी आले, मोतद्दाराला धाक दाखवून घोडा ट्रेलरमध्ये चढवला आणि नेला. खंडणी मागितली गेली. पण हिस्सेदार अनेक, त्यांचं एकमत होईना, आणि पैसे दिले तर उद्या प्रत्येक स्टड फार्मवर दरोडा पडेल ही धास्ती. घोडा पुन्हा कोणाला दिसला नाही. कागदांविना तो चोरांना ना विकता येत होता, ना पैदाशीला वापरता येत होता. शिवाय ऐन तारुण्यातला, तापट वळू घोडा अनोळखी माणसांनी कुठेतरी कोंडून सांभाळायचा, ही अडचण बंदूक घेऊन आलेल्या माणसाच्या ध्यानात आधी येत नाही.

आता घोड्याच्या शरीराकडे येऊ. इथे मालिका सगळ्यात जास्त घसरतात आणि घोड्याशी सगळ्यात मोठा अन्याय होतो.

पडद्यावरचा घोडा सारखा खिंकाळत असतो. भरधाव पळताना खिंकाळतो, उभा राहिला की खिंकाळतो, खलनायक दिसला की हमखास खिंकाळतो. तो आवाज नंतर चिकटवलेला असतो. भरधाव घोड्याचा श्वास त्याच्या टापांना बांधलेला असतो, एका झेपेला एकच श्वास, मिनिटाला सव्वाशेहून जास्त. घोडा श्वासही फक्त नाकाने घेऊ शकतो, तोंडाने नाही. त्या वेगात खिंकाळायला त्याच्याकडे श्वास उरतच नाही. घाबरलेला घोडा बहुतेकदा गप्प असतो. कान मागे पडतात किंवा ताठ होतात, नाकपुड्या फुलतात, डोळ्यांतलं पांढरं दिसतं. कॅमेऱ्याने एवढंच जवळून दाखवलं तरी बघणाऱ्याच्या अंगावर काटा येईल.

विषप्रयोगाचंही तेच. विष खाल्लेला घोडा ओकतो असं दाखवलं, तर तो प्रसंग तिथेच फसला. घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथला स्नायू इतका घट्ट मिटतो की आत गेलेलं वर येऊच शकत नाही. म्हणून पोटशूळ, ज्याला तबेल्यांमध्ये 'कॉलिक' म्हणतात, घोड्याच्या जिवावर बेततो. तो सुरू होताना फार शांत असतो: घोडा दाण्याकडे पाठ फिरवतो, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, खाली बसतो, उठतो, पुन्हा बसतो. मग घाम फुटतो, लोळणं सुरू होतं. रात्री दोन वाजता ही पहिली लक्षणं ओळखणारा मोतद्दार घोड्याचा जीव वाचवतो. मालिकांमध्ये हा मोतद्दार एक तर संशयित असतो, नाहीतर पहिला बळी. त्याच्या नजरेतून कथा कोणी सांगत नाही.

विषाचा गुन्हाही इतिहासात आहे. १८१२ साली डॅनियल डॉसन नावाच्या माणसाला न्यूमार्केटच्या घोड्यांच्या पाण्याच्या हौदात आर्सेनिक कालवल्याबद्दल केंब्रिजला फासावर दिलं. मालिकेतल्यासारखी मानेत सुई टोचून अंधारात पळणारी बाई नाही, नेहमीचा पाण्याचा हौद.

सुईचं म्हणाल, तर स्नायूत दिलेल्या शामकाला अंमल चढवायला चांगली पंधरा-वीस मिनिटं लागतात. शिरेत दिलं तर काही मिनिटांतच घोड्याची मान खाली येते, खालचा ओठ लोंबतो, पाय फाकतात, पण घोडा बहुधा उभाच राहतो. आणि गुंगीतही लाथ मारू शकतो. टीव्हीवर तो झाड तोडल्यासारखा कोसळतो.

लाथेबद्दलही बोलायला हवं, कारण घोड्याला खुनी ठरवणारे भाग कमी नाहीत. चवताळलेला घोडा माणसावर उभा राहून त्याला टापांखाली तुडवतो, हे दृश्य मोठ्या चवीने रंगवतात. घोडा मुळात पळून जाणारा प्राणी आहे. जमिनीवर पडलेल्या माणसावर पाय पडू नये म्हणून तो बहुतेकदा स्वतःचा तोल घालवूनही बाजूला होतो. लाथ बसते ती बहुधा पळायला वाट नसताना, मागून, जिथलं त्याला दिसत नाही तिथून अचानक काही झालं तर. डॉयलचा ट्रेनर असाच मेला: घोड्याच्या मागे जाऊन त्याने काडी पेटवली. हे त्याने अगदी बरोबर लिहिलं.

उत्तेजकांचं जग मालिकांना एकाच रूपात माहीत आहे: घोड्याला काहीतरी टोचलं आणि तो वाऱ्यावर स्वार झाला. पण सट्ट्याच्या बाजूने विचार केला तर घोडा जिंकवणं अवघड आणि हरवणं सोपं. म्हणून फेव्हरिट, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यांत जास्त पैसा लागलेला असतो त्या घोड्याला सुस्त करणं हा जुना धंदा. १९९० साली इंग्लंडमधल्या डॉनकास्टरला दोन घोड्यांना शामक दिल्याचं चाचणीत निघालं होतं. दुसरा प्रकार दुखणं लपवण्याचा. ठणकणारा पाय औषधाने बधिर केला की घोडा त्या पायावर पूर्ण जोर टाकतो, आणि तोच पाय मोडतो. हे सर्वांत वाईट, कारण दुखणं हे घोड्याचं एकमेव संरक्षण असतं.

शर्यत संपल्यावर जिंकलेला घोडा थेट तपासणीच्या ठाणात नेतात. तिथे एक माणूस लांब दांड्याचं भांडं धरून उभा राहतो आणि हलकेच शीळ घालतो. शीळ ऐकून लघवी करायची सवय घोड्यांना तबेल्यातच लावलेली असते. थांबायचं, शीळ घालायची, गवत सरकवायचं, पुन्हा थांबायचं. नमुना दोन भागांत सीलबंद होतो, एक तपासायला, दुसरा वाद झाला तर. कोणत्याही मालिकेत मी ही शीळ ऐकलेली नाही.

अर्थात चाचणी सगळं पकडत नाही. मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी दोन डझनांहून जास्त लोकांवर आरोप ठेवले. त्यात बडे ट्रेनर होते, पशुवैद्य होते, चाचणीत न सापडणारी औषधं बनवणारे होते. प्रयोगशाळेला जे दिसलं नव्हतं ते एफबीआयला चोरून ऐकलेल्या फोनवरच्या संभाषणांत सापडलं.

सट्ट्याचा हिशेब तर मालिका करतच नाहीत. अमेरिकेतल्या रेसकोर्सवर बुकी नसतो, टोट असतो: सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जातात, आयोजक आपला वाटा काढतात आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. समजा गल्ल्यात १,००,००० डॉलर आहेत, त्यातले फक्त २,००० आपल्या घोड्यावर. आयोजकांचा वाटा २० टक्के धरला, तर डॉलरला ४० मिळतील. खलनायक हे बघून खूश होतो आणि ५०,००० लावतो. आता गल्ला १,५०,०००, वाटा काढून १,२०,०००, आणि त्या घोड्यावर एकूण ५२,०००. डॉलरला मिळणार २ डॉलर ३० सेंट! चाळीसपटीची स्वप्नं त्याने स्वतःच्याच पैशाने बुडवली. मुंबईत महालक्ष्मीला टोट आणि बुकी दोन्ही असतात. बुकीकडे पैसे लावतानाचा भाव पक्का होतो खरा, पण मोठी रक्कम आली की तो पुढचा भाव पाडतो आणि बातमी क्षणात पसरते. फाइन कॉटनवाले तिथेच उघडे पडले.

जॉकीच्या वजनाची फसवणूक हाही मालिकांचा एक धागा. जॉकी खोगिरासकट शर्यतीआधी आणि नंतर काट्यावर उभा राहतो. एवढं सांगितलं की तो विषय संपला.

राहिला मोडलेला पाय. टीव्हीवर घोडा पडतो, कोणीतरी पिस्तूल काढतं, सगळे मान वळवतात. प्रत्यक्षात पडदे लावतात, पशुवैद्य पाय चाचपतात, जमलं तर आधार बांधून घोडा गाडीतून हलवतात. काही मोड बरे होतात. मग इतके घोडे का मरतात? गुडघ्याखाली घोड्याच्या पायाला मांसच नसतं. हाड, स्नायुबंध आणि वर कातडी. रक्तपुरवठा बेताचा, कातडी फाटली की जंतू आत. साडेचारशे-पाचशे किलोचा प्राणी महिनोन्महिने आडवा राहू शकत नाही. तो धडधाकट पायावर भार टाकतो, आणि त्या भाराने त्याच पायाच्या खुरातले हाडाला धरून ठेवणारे थर सुजून सुटायला लागतात. अमेरिकेतला 'बार्बारो' २००६ ची केंटकी डर्बी जिंकला आणि दोनच आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. शल्यविशारदांनी धातूची पट्टी आणि २७ स्क्रू घालून तो जोडला. मोडलेला पाय सावरत गेला, पण दुसऱ्या पायांचे खूर गेले. २९ जानेवारी २००७ रोजी, आठ महिन्यांच्या झगड्यानंतर, त्याला इंजेक्शन देऊन सोडवावं लागलं. पिस्तुलाच्या एका आवाजात हे सगळं दडपून टाकणं मला पटत नाही.

आणि ज्यांना खरोखर काळं कथानक हवं आहे, त्यांच्यासाठी अमेरिकेतलंच एक प्रकरण आहे. ते रेसच्या नव्हे, अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या प्रदर्शनी घोड्यांच्या जगातलं. विम्याच्या पैशांसाठी घोडे मारण्याचं काम टॉमी बर्न्स नावाचा माणूस पैसे घेऊन करत असे. तो विजेचा धक्का द्यायचा, कारण त्यानंतर मेलेला घोडा पोटशुळाने गेला असं वाटायचं. १९९१ साली फ्लोरिडात 'स्ट्रीटवाइज' नावाच्या घोड्याचं काम आलं. त्याच्यावर आधी पोटशुळाची शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे विमा कंपनीने तो आजार पॉलिसीतून वगळला होता. म्हणून मग साथीदाराने पहारीने घोड्याचा पाय मोडला, अपघात दाखवण्यासाठी. तिथे दोघे पकडले गेले आणि बर्न्स बोलायला लागला. त्याच सुमाराला शिकागोत १९७७ पासून बेपत्ता असलेल्या हेलन ब्रॅक या श्रीमंत विधवेचा तपास पुन्हा उघडला होता, आणि दोन्ही धागे घोड्यांच्या त्याच वर्तुळात जाऊन मिळाले. १९९४ मध्ये आरोपपत्रं दाखल झाली. त्यांत ट्रेनर होते, घोडेस्वार होते, मालक होते, पशुवैद्यही होते.